सुरूदार खांब

पुण्यात ज्याच्या घराण्याची गोष्ट खरोखर ऐकण्यासारखी आहे आणि तरीही जो ती स्वतःहून कधी सांगत नाही, असा एकच जुना रहिवासी मला ठाऊक आहे. तो सागाचा आहे. पेठेतल्या एखाद्या उरल्यासुरल्या वाड्याच्या दिंडीतून वाकून आत जावे, चौक ओलांडावा, अंधाऱ्या जिन्याने दिवाणखान्यात पोचावे, की तो समोर असतो. एकटा नसतो, ओळीने असतो. पण ओळीतल्या प्रत्येकाला आपण पहिलेच आहोत असे वाटत असावे, अशा डौलात.

त्याची अंगलट नीट पाहून घ्यावी. पायाशी दगडी तळखडा. त्यावर चौकोनी बैठक, बैठकीवर पानांनी वेढलेला घट. घटाच्या तोंडातून अंग वर येते ते भरदार, आणि सुरूच्या झाडाप्रमाणे वर वर निमुळते होत जाते. पोट आहे, पण सुटलेले नाही. मानेशी कोरलेल्या कड्या, कड्यांवर कमळाच्या पाकळ्या, मग दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त आणि हस्तांच्या टोकांना खाली झुकलेली केळफुले. एवढे झाले की तुळई. एका खांबात इतक्या गोष्टी बसवूनही कुठे गर्दी वाटत नाही, यात सुताराचे कसब आणि खांबाचा स्वभाव दोन्ही दिसतात.

वाड्यातले सगळेच खांब असे नसतात. माजघरातले, कोठीतले, मागच्या पडवीतले भाऊबंद साधे चौकोनी, फार तर कडा मारलेले. भार तेही उचलतात, खालच्या मजल्यावर असतील तर जास्तच उचलतात. पण त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. सुरूदार खांबाची नेमणूक दिवाणखान्यात किंवा दर्शनी सोप्यात. धन्याची ऐपत जिथे चारचौघांना दिसायला हवी, तिथेच हा उभा. माजघरातल्या बाईमाणसांना त्याचे दर्शन सणावारी किंवा केर काढताना.

वाड्याचा विषय निघाला की आपण ‘अस्सल मराठी’ म्हणून मोकळे होतो. याच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडच्या देवळांतले जुने दगडी खांब वेगळ्या घडणीचे. हा फुगीर-निमुळता गडी मोगल इमारतींत ठळकपणे पुढे आला तो शहाजहानच्या काळात. मोगल स्थापत्याच्या अभ्यासक एब्बा कोख यांनी १९८२ साली एका निबंधात त्याची कुळकथा मांडली. तिचा सारांश असा, की त्याचा घाट युरोपातून आलेल्या छापील चित्रांतून उचललेला आहे. अकबराच्या दरबारात जेसुइट पाद्री १५८० साली पोचले, ते अँटवर्पला छापलेले अनेकभाषी बायबल घेऊन. त्यातली आणि त्यामागोमाग आलेली चित्रे मोगल चितारी बारकाईने पाहत होते, उतरवून घेत होते. युरोपच्या चित्रांत असे खांब राजाच्या नाहीतर संताच्या आसनाला दोन्ही अंगांनी धरून उभे असत. आग्र्याच्या आणि दिल्लीच्या कारागिरांनी नुसता घाट उचलला नाही, त्याचे कामही उचलले. हा खांब लावायचा तो बादशहा जिथे बसून लोकांना दर्शन देतो, तिथे.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आमचा झरोका पाहावा. खांबाचा फुगवटा युरोपच्या कागदावरचा, त्याच्या पायाचा घट इथल्या देवळांच्या ओळखीचा, माथ्यावरचे वाकलेले छप्पर बंगालच्या शाकारलेल्या घराचे, आणि दरबारी इतिहासकार त्याला फारसीत म्हणणार सुरूच्या अंगाचा, कारण सुरू हे इराणी बागेतले लाडके झाड. चार दिशांची चार सामाने एका चौथऱ्यावर मांडून ठेवली आहेत आणि त्यातून एकसंध काहीतरी उभे राहिले आहे. जगभरच्या घरांतून कल्पना उचलून आपले घर नटवायची हौस आजची नव्हे. १६४८ साली राहायला सुरुवात झालेल्या किल्ल्यात ती संगमरवरात कोरलेली आहे.

बादशहाने जे केले ते पुढे सरदारांनी केले, राजपुतांनी केले, आणि पाळी आपली आली. बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. बरोबरची मंडळी नुसत्या सनदाच पाहून आली असतील, असे समजायचे कारण नाही. ज्याच्याकडून चौथाई घ्यायची त्याचा दिवाणखाना कसा आहे, हे कोणी बघणार नाही काय? पुढे १७३० साली बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांत वाडा उभा केला. जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीचा चुना. पेशव्यांच्या पुण्यात हा दिल्लीवाला संगमरवर सोडून सागात आला, आणि इथेच त्याचे नशीब पालटले.

दिल्लीत तो शोभेचा मानकरी होता. पुण्यात त्याला नोकरी लागली. पुण्याचा वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा: खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर माती घालून वरच्या मजल्याची जमीन. भिंती मधल्या जागा भरायच्या. दोन खांबांमधली महिरप तर निव्वळ फळीची. पाकळ्या कापून तुळईखाली ठोकलेली. दगडी कमानीचे ते लाकडी सोंग. काढून ठेवली तर दिवाणखाना ओका दिसेल, घराला काही होणार नाही. खांबाला मात्र अशी मोकळीक नाही. वरच्या मजल्यावर पंगत बसली, कीर्तन झाले, कोणी धान्याची पोती रचली, तरी ते सगळे याच्या डोक्यावरून, पोटातून, घटातून खाली तळखड्यावर उतरते. तळखडा दगडाचा, कारण ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये. खांब त्यावर नुसता ठेवलेला असतो, पुरलेला नसतो. वरचे ओझेच त्याला जागेवर धरून ठेवते. ओझे काढा, चार गडी त्याला उचलून चालते होतील.

आणि केळफूल. परमुलखातून आलेल्या जावयाच्या हाती घरातल्याच झाडाचा नारळ द्यावा, तसे मराठी सुताराने याच्या दोन्ही हातांना केळफूल दिले. पानांच्या गुंडाळ्या एकीवर एक, टोक खाली वळलेले, पाकळी किंचित उकललेली. सुताराने इराणातला सुरू जन्मात पाहिला नसेल. केळ मात्र त्याच्या परसात होती. त्यामुळे सगळ्या खांबात जीव ओतून कोरलेला भाग बहुधा तोच असतो. १७८० च्या सुमाराच्या नानावाड्याच्या दिवाणखान्यात किंवा दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाखाली उभे राहून बघितले, की हे पटते. रस्त्यावरून रिक्षांचा गोंगाट चालू असतो आणि वर केळफुले आपली ओळीने झुकलेली.

शनिवारवाड्यात त्याने चांगले दिवस पाहिले. वाड्यातल्या एका महालाच्या टोकाला गणपतीची मूर्ती होती, म्हणून तो गणपती रंगमहाल. याच वाड्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी १७९० साली सवाई माधवरावांच्या दरबारात तह पुरा केला, त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र थॉमस डॅनिएलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून काढले. १८०५ सालचे ते चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. याच जमान्यात पुण्याच्या दिवाणखान्यांत आणखीही परदेशी मंडळी येऊन दाखल झाली: विलायती आरसे, काचेच्या हंड्या, झुंबरे, काचेच्या पाठीमागून रंगवलेल्या चिनी तसबिरी. पैसा होता, हौस होती, मुंबई बंदर होते.

त्यांतले काही नग शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. बाकीचे फुटले, विकले गेले, मुलींच्या सासरी गेले. त्यांच्यात आणि खांबात फरक एवढाच, की ती मंडळी टांगलेली होती आणि हा उभा होता. टांगलेले काढून ठेवता येते. हंडी उतरवली तर काळोख होईल. हा उतरवला तर छप्परच खाली येईल. त्यामुळे राज्य गेले, धनी बदलले, वाटण्या झाल्या, तरी याला कोणी हात लावला नाही. हात लावायला यायची ती आगच. १८२८ साली शनिवारवाडा जळाला तेव्हा आत जे काही सागाचे होते त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको. उरले ते दगडी तळखडे आणि जोती. आज तिथे तिकीट काढून फिरणारी पोरे ज्या चौकोनी दगडांवर बसून फोटो काढतात, त्यांतल्या काहींवर कधीकाळी खांब उभे होते.

विश्रामबागवाड्यातले खांब इंग्रजी अमलात संस्कृत शिकू लागले. १८२१ साली तिथे पाठशाळा भरली, नंतर नाना कचेऱ्या आल्या. पेठांमधल्या खांबांच्या नशिबी भाडेकरू आले. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. ज्या दिवाणखान्यात एके काळी गालिचे अंथरले जात, त्यात फळ्यांची पार्टिशने ठोकून तीन बिऱ्हाडे राहू लागली. खांबाचे एक अंग एका बिऱ्हाडात आणि दुसरे शेजारच्या. मग १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, मातीच्या भिंती भिजून बसल्या, कित्येक वाडे त्या दिवशी संपले. जे उरले ते त्यानंतर नोटिसांनी आणि बिल्डरांनी एकेक करून उतरवले.

वाडा पाडतात असे आपण म्हणतो. जुन्या लाकडाच्या धंद्यातले लोक ‘वाडा उतरवला’ म्हणतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला अशा उतरवलेल्या लाकडाच्या एका गोदामात मी याला अगदी जवळून पाहिला. भिंतीला टेकून तिरका उभा होता, डोक्यावर काही नाही. दुकानातला पोऱ्या काचेच्या तुकड्याने त्याचा रंग खरवडत होता. सगळ्यात वर तपकिरी ऑइलपेंट. सागावर सागाच्या रंगाचा ऑइलपेंट! त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळट चुन्याचा थर, आणि मग एकदम काळपट, तेल प्यायलेले लाकूड. कमरेच्या उंचीपासून एक सरळ खाच वरपर्यंत गेलेली. तिथे पार्टिशनची फळी बसलेली होती. खाचेच्या एका बाजूला धुराने काळे झालेले, दुसऱ्या बाजूला नाही. म्हणजे इकडे स्वयंपाक व्हायचा आणि तिकडे बैठकीची खोली. वायरीच्या लाकडी पट्टीचे खिळे ओळीने. काळ्या गोल स्विचच्या जागी फिकट वर्तुळ. एक मोठा वाकडा खिळा अजून तसाच, कॅलेंडरचा असणार. घटाच्या पानांमध्ये हळदकुंकू इतके मुरले होते, की काच लावूनही निघत नव्हते. एका हाताचे केळफूल शाबूत, दुसऱ्याचे मोडलेले.

तेवढ्यात एक तरुण जोडपे आले. नवा फ्लॅट बाणेरला. बाईंच्या फोनमध्ये जगभरची घरे होती: मराकेशचे चौक, जपानची रिकामी खोली, डेन्मार्कच्या पांढऱ्या भिंती. एका फोटोवर त्यांचे बोट थांबले. पॅरिसमधला कुठलासा फ्लॅट, उंच खिडक्या, करडा सोफा, आणि सोफ्याशेजारी हाच. खाली लिहिलेले, ‘इंडियन कॉलम’.

“अस्साच हवाय, दादा.”

“जोडी घ्या मॅडम. सिंगल कोणी नेत नाही, शोभत पण नाही.”

“पण आमचं सीलिंग नऊ फुटांचं आहे. फॉल्स सीलिंग केलं की अजून कमी.”

“मग खालून कापून देतो की. घट जाईल तेवढा.”

“घट म्हणजे?”

“हे खालचं मडकं. नाहीतर वरचे हात काढू. तुम्ही सांगाल तसं. कुठं लावणार?”

“टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना.”

मला हसू आले आणि पुढच्याच क्षणी वाटले, हसण्यासारखे काय आहे? युरोपातल्या कागदावरून आग्र्याला उतरलेला घाट, पुण्यात केळफूल घेऊन दोन-अडीचशे वर्षे राहिला, आणि आज पुन्हा युरोपातल्याच एका चित्रातून पुण्याच्या मुलीला आवडला. रस्ता तोच, फक्त बायबलच्या जागी फोन. आणि जोडीने घ्या म्हणणारा दुकानदार मोगल कारागिराइतकाच बरोबर होता. हा मुळात एकट्याने उभा राहणारा नाहीच. दोघांच्या मध्ये कोणीतरी बसलेले असावे लागते.

खटकले ते वेगळेच. या नव्या घरात त्याच्या डोक्यावर काही नसणार. वरती जिप्समची पाटी, तिला चिकटवलेला माथा, खाली फरशीवर डिंकाने बसवलेला पाय. काँक्रीटच्या घराला त्याची गरज नाही, हे त्याला ठाऊक आणि घरालाही. मस्तानी महालाचे लाकूडकाम कोथरूडहून उचलून केळकर संग्रहालयात पुन्हा मांडले आहे, तिथेही खांब पाहण्याचाच झाला. पण तिथे निदान त्याचे खानदान शेजारी उभे आहे. फ्लॅटमधल्या खांबाची गत पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरांची होते, म्हणजे सगळे मान देतात आणि कोणी काही विचारत नाही. यापेक्षा वाईट गतीही आहेच. मधून कापून टीपॉयचे पाय करतात, वर काच ठेवतात, आणि केळफुलाला पाहुण्यांचे गुडघे लागतात.

घर सजवण्याच्या बाबतीत या खांबाकडून शिकायचे ते एवढेच. बाहेरून काय आणावे याला काही बंधन नाही. दिल्लीने आणले, पुण्याने आणले, सगळ्यांनी आणले. पण आणलेली गोष्ट घरची व्हायची ती घराचे काहीतरी तिच्या अंगावर पडल्यावर. आरसे आणि झुंबरे पाहुणी आली आणि पाहुणीच राहिली. याला पुण्याने ओझे दिले, म्हणून तो पुण्याचा झाला, इतका की आज त्याचे परकेपण सिद्ध करायला निबंध लिहावा लागतो. बाणेरच्या त्या घरात त्याच्यावर निदान पुस्तकांची एक जाड फळी टाकली किंवा सज्जाची तुळई टेकवली, तरी त्याची पाठ पुन्हा ताठ होईल. ती ताई असे काही करते का, हे मला माहीत नाही. पण मी न राहवून सुचवले, आणि दुकानदाराने माझ्याकडे गिऱ्हाईक बिघडवणारा माणूस म्हणून पाहिले.

गंमत अशी, की याच फ्लॅटांत भाद्रपदात तो एकदा फुकट येऊन जातो. पूर्वी थर्माकोलचा यायचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचा, लाकडाचा, कापड ताणलेला. मखर कोणतेही उघडा: दोन सुरूदार खांब, मध्ये महिरप, सोनेरी रंग. घट आहे, फुगवटा आहे, चांगल्या कारागिराचे असेल तर इवलेसे केळफूलही आहे. उंची हातभर, भार शून्य. तरी तो तिथे ओशाळलेला दिसत नाही, कारण मधली जागा रिकामी नसते. युरोपच्या चित्रात संत, आग्र्याला बादशहा, रंगमहालात गजानन; दीड दिवस असो की दहा, मखरातल्या पुठ्ठ्यालाही आपले काम पक्के ठाऊक असते.

तेव्हा टिंबर मार्केटला जाऊन जोडी जरूर आणावी. रंग खरवडून घ्यावा, तेल पाजावे, घट मात्र कापू देऊ नये. किंमत दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरू करावी. फक्त घरी आणण्याआधी एक गोष्ट आपसांत ठरवून टाकावी: दोघांच्या मध्ये बसवायचे कोणाला.